वाद्य एक, वाटा दोन

कीबोर्डची पट्टी दाबली, पडद्यावर ट्रॅकचा हिरवा दिवा लुकलुकला आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. व्हर्च्युअल वाद्यांशी बहुतेकांची पहिली ओळख अशीच होते. मग ते वाद्य, म्हणजे प्लगइन, काढून पुन्हा लावणं, कॉम्प्युटर बंद करून चालू करणं, केबल हलवून पाहणं हे सगळे उपाय होतात आणि शेवटी कुणा जाणत्याला फोन जातो. चेन्नईत तो ‘अण्णा, सौंड वरलै’ असा येतो. सांगलीहून आला तर ‘दादा, सगळं नीट लावलंय, तरी आवाज म्हणून नाही’ असा. दोघांनाही मी आधी एवढंच विचारतो, दिवा लागतोय ना? लागत असेल तर अर्धं काम झालं. तुमची सूचना वाद्यापर्यंत पोचली आहे. वाद्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायचा राहिलाय, कारण त्याची वाट निराळी आहे आणि ती मध्येच कुठेतरी तुटली आहे.

हे पुस्तक त्या दोन वाटांबद्दल आहे. एक जाते आपल्या बोटांपासून वाद्याकडे, दुसरी वाद्यापासून आपल्या कानाकडे. खऱ्या हार्मोनियमवर या दोन्ही एकाच लाकडी पेटीत असतात, म्हणून त्या वेगळ्या असल्याचं कधी जाणवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्या मुळापासून वेगळ्या आहेत. ज्याला त्या डोक्यात वेगळ्या ठेवता येतात त्याला कुठलंही नवं सॉफ्टवेअर आठवडाभरात हाताशी येतं. ज्याला येत नाहीत तो वर्षानुवर्षं तयार टेम्प्लेट उघडून बसतो आणि टेम्प्लेट बिघडलं की फोन लावतो.

पहिल्या वाटेचं नाव मिडी. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली ती १९८३ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत नॅमच्या वाद्य-प्रदर्शनात एका कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि दुसऱ्या कंपनीचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले. त्या केबलमधून आवाजाचा एक कणही जात नव्हता. जात होते आकडे. मधला सा म्हणून तुम्ही ६० क्रमांकाची पट्टी दाबली, ९२ इतक्या जोराने दाबली, पहिल्या चॅनेलवर दाबली. सोडलीत की सोडल्याचा निरोप. बस्स. सोळा चॅनेल, ० ते १२७ एवढ्याच किमती, आणि सेकंदाला ३१,२५० बिट इतका वेग. या वेगाने एक सूर पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे त्या जुन्या पाच पिनांच्या केबलवर दहा बोटांचा कॉर्ड दाबला, तर शेवटचा सूर पहिल्यापेक्षा नऊएक मिलिसेकंद मागे पडणार. यूएसबी आल्यापासून ती अडचण उरली नाही, पण ० ते १२७ मात्र आजही आपल्या मानेवर बसलेले आहेत. मिडीची दुसरी आवृत्ती २०२० साली जाहीर झाली, तरी स्टुडिओतलं रोजचं काम अजून पहिल्याच आवृत्तीवर चालतं.

दुसरी वाट ध्वनीची. प्लगइनच्या तोंडातून जे बाहेर पडतं ते मिडी नसून खराखुरा ऑडिओ असतो, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांचा. तो ट्रॅकच्या फेडरवर येतो, तिथून कुठल्यातरी बसमध्ये जातो, वाटेत एखादा सेंड रिव्हर्बकडे फुटतो, शेवटी सगळे ट्रॅक मास्टरवर एकत्र येतात. उसाच्या रानात रात्री पाण्याची दारं धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाट एकच असला तरी पाणी कुठल्या वाफ्यात शिरणार हे कुठलं दार मोडलंय आणि कुठलं बांधलंय यावर ठरतं, आणि एक दार चुकून उघडं राहिलं तर सकाळी दुसऱ्याचं रान भिजलेलं असतं.

वाद्य कॉम्प्युटरच्या आत कसं आलं, हे थोडक्यात सांगायला हवं. सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ साली फेअरलाइट बाजारात आणला. खरा आवाज नोंदवून तो कीबोर्डवर वाजवता येईल असं ते यंत्र होतं आणि त्याची किंमत घर घेण्याच्या हिशोबातली होती. पुढे अकाईच्या सॅम्पलरांनी ती सोय मध्यम स्टुडिओंच्या आवाक्यात आणली. जर्मनीच्या स्टाइनबर्गने १९९६ साली व्हीएसटी हा साचा काढला, पण तेव्हा त्यात फक्त इफेक्ट बसत. १९९९ साली त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत प्लगइनला मिडी ऐकू येऊ लागलं आणि निऑन नावाचा छोटासा सिंथेसायझर स्टाइनबर्गच्याच क्यूबेसमध्ये वाजला. आवाजाला तो काही खास नव्हता. मात्र ज्या दाराने तो आला त्याच दाराने पुढे सगळी वाद्यं आली. त्याच सुमारास, १९९८ साली, गिगासॅम्पलरने एक युक्ती काढली. प्रत्येक सुराची फक्त सुरुवात मेमरीत ठेवायची, बाकीचा सूर वाजता वाजता हार्ड डिस्कवरून ओढायचा. या युक्तीमुळे एकेका पियानोचे कित्येक गिगाबाइट नमुने वापरणं शक्य झालं. गिगा पुढे बंद पडलं, पण २००२ साली आलेल्या कॉन्टॅक्ट या सॅम्पलरने आणि इतरांनी ती युक्ती उचलली, आणि आज कुणाच्याही लॅपटॉपवर अख्खा ऑर्केस्ट्रा पडून असतो. निम्मे लोक त्याचा व्हायोलिन सेक्शनसुद्धा पुरता उघडून पाहत नाहीत ही गोष्ट निराळी.

आता हे पुस्तक मराठीत असून नुंगंबाक्कमला बसून का लिहिलं, असं कुणी विचारेल. चेन्नईबाहेरच्यांना हे नाव माहीत असतं ते हवामानाच्या बातम्यांमुळे. शहराचं तपमान आणि पाऊस नेहमी दोन ठिकाणचे सांगतात, नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम. पण इथून पश्चिमेला लोकलचे रूळ ओलांडले की कोडंबाक्कम लागतं, ज्याच्या नावावरून तमिळ सिनेमाला कॉलीवुड म्हणतात, आणि दुसऱ्या अंगाला अण्णा सालैवर जेमिनी पूल आहे. पुलाला नाव देणारा जेमिनी स्टुडिओ आता नाही. त्याच्या जागेवर हॉटेल उभं आहे. जेमिनीच्या एस. एस. वासन यांच्या १९४८ सालच्या ‘चंद्रलेखा’तल्या नगाऱ्यांवरच्या नाचासाठी ज्या आकाराचे नगारे उभारले होते ते ठेवायला एक अख्खा फ्लोअर लागत असेल. आज इथल्या गल्ल्यांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत, खिडकीला जाड पडदा आणि एसी शक्य तितका हळू ठेवून, सिनेमाचं पार्श्वसंगीत तयार होतं. चेन्नईत त्याला आरआर म्हणतात, री-रेकॉर्डिंगचं संक्षिप्त रूप. आणि जो माणूस ते वाद्यांत मांडतो तो प्रोग्रामर. ए. आर. रहमान यांनी कोडंबाक्कमच्या घराला लागून १९८९ साली पंचतन रेकॉर्ड इन सुरू केला आणि १९९२ साली तिथून ‘रोजा’ बाहेर पडला. त्यानंतर या शहरातल्या प्रत्येक होतकरू पोराला घरात एक खोली आणि एक कीबोर्ड एवढ्यावर सिनेमा करता येईल असं वाटू लागलं. वाटणं चुकीचं नव्हतं. पण त्या खोलीत काय कशाला जोडलं होतं, हे शिकवणारं पुस्तक तेव्हाही नव्हतं. मराठीत तर माझ्या पाहण्यात आजही नाही. पुण्या-कोल्हापुराकडची मुलं इंग्रजी व्हिडिओ बघत बघत शिकतात, आणि व्हिडिओवाला कुठलं बटण दाबतो एवढंच लक्षात ठेवतात. ते बटण का, हे विचारायची सोय नसते.

एक उदाहरण जवळून पाहू, म्हणजे पुढच्या प्रकरणांत काय आहे याचा अंदाज येईल. समजा लावणीसाठी ढोलकीचा प्लगइन घेतला. त्यात बोल कीबोर्डच्या पट्ट्यांवर मांडलेले असतात. शाईच्या पुडीचे काही पट्ट्यांवर, धुमेचे, म्हणजे खर्जाच्या पुडीचे, काही. लावल्या लावल्या सगळे बोल एकाच स्टिरिओ जोडीतून, एक-दोन क्रमांकाच्या आउटपुटमधून बाहेर येतात. ऐकायला ठीक वाटतं. मग गायिकेचा आवाज आला, हार्मोनियम आली, आणि ढोलकी मागे पडू लागली. म्हणून तुम्ही तिच्यावर रिव्हर्ब चढवलात, थोडी धार दिलीत. शाई चमकली, पण धुमेचा घुमारा रिव्हर्बमध्ये सांडून तळाशी नुसता गाळ साठला. उपाय एकच. धुम आणि शाई वेगळ्या वाटांनी बाहेर काढायच्या. प्लगइनच्या आत जाऊन धुमेच्या बोलांना तीन-चार क्रमांकाचं आउटपुट द्यायचं. नवखा माणूस इथे थांबतो आणि धुम गायब झाली म्हणून घाबरतो. ती गायब झालेली नसते. ती तीन-चारच्या दाराशी उभी असते आणि बाहेर तिला घ्यायला कुणी आलेलं नसतं. सॉफ्टवेअरच्या बाजूनेही दार उघडावं लागतं. लॉजिकमध्ये वाद्य लावतानाच ‘मल्टी आउटपुट’ निवडून नंतर मिक्सरच्या पट्टीवरच्या अधिक चिन्हाने ऑक्स वाढवायचे. क्यूबेसमध्ये वाद्याचे जादा आउटपुट चालू करायचे. रीपरमध्ये एकाच ट्रॅकच्या पोटात चौसष्ट आणि त्याहून अधिक चॅनेल मावतात, तेव्हा तिथे ते चॅनेल वेगळ्या ट्रॅकवर पाठवायचे. एकदा धुम स्वतःच्या फेडरवर आली की तिला कोरडी, मधोमध आणि भक्कम ठेवता येते, आणि रिव्हर्ब फक्त शाईला. मग ढोलकी गायिकेच्या पुढेही येत नाही आणि मागेही राहत नाही.

यात कुठेही नवा प्लगइन विकत घ्यावा लागला नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आवाज खोटा वाटला की लोक पहिली चूक लायब्ररीच्या माथी मारतात आणि दुसरी, आणखी महाग लायब्ररी आणतात. माझ्या अनुभवात खोटेपणा बहुतेक वेळा वाटेत शिरतो, वाद्यात तो मुळात कमीच असतो.

सूचनेच्या वाटेवरचा घोटाळा याहून नाजूक आहे, आणि आपल्या संगीतात तर जीवघेणा. वीणा घ्या. सरस्वती वीणेला सात तारा, चार वाजवायच्या आणि तीन बाजूला तालाच्या. वादक तार पडद्यावर आडवी ओढून गमक काढतो, तेव्हा ताणली जाते ती फक्त तीच तार. तालाच्या तारा जागच्या जागी असतात. मिडीत सूर वाकवायचं साधन म्हणजे पिच बेंड, आणि पिच बेंड चॅनेलला लागू होतो, सुराला नाही. त्यामुळे तुम्ही मुख्य तार आणि तालाची तार एकाच चॅनेलवर लिहिलीत आणि छान कंपित गमक काढलंत, की तालाच्या ताराही तिच्यासोबत डोलू लागतात. जगातली कुठलीही वीणा असं करत नाही. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी प्लास्टिकचं वाजतंय हे त्याला कळतं. तालाच्या तारा दुसऱ्या चॅनेलवर किंवा वाद्याच्या दुसऱ्या प्रतीवर टाकल्या की प्रश्न मिटतो. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनेल मिळतो, एक चॅनेल सगळ्यांच्या सामायिक सूचनांसाठी आणि उरलेले पंधरा चॅनेल सुरांसाठी. पण ती समजणारी वाद्यं अजून मोजकी आहेत, आणि हाताने चॅनेल वेगळे करण्याची सवय असलेली बरी.

पिच बेंडच्या बाबतीत दुसरा एक खड्डा आहे. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात, मधली ८,१९२. या पायऱ्यांनी किती सूर ओलांडायचे हे वाद्याच्या आतल्या एका आकड्यावर ठरतं. बहुतेक ठिकाणी तो आकडा दोन सेमिटोन असतो. तुम्ही मींड दोनच्या हिशोबाने काढली आणि नंतर वाद्य बदलून बारा सेमिटोनवाल्या वाद्यावर तीच ओळ लावली, तर हळुवार आंदोलन किंकाळी होऊन बाहेर पडतं. बारावर ठेवलं तरी पायऱ्या कानाच्या पकडीपेक्षा बारीकच राहतात, त्यामुळे मोठा आकडा ठेवायला भिण्याचं कारण नाही. कमी पडतो तो हात. माउसने काढलेलं गमक सरळ रेषांचं होतं, कारण माउसला मनगट नसतं. चाकाने वाजवा, मग पडद्यावर दुरुस्त करा.

वीणेवरून तंजावरची आठवण होते आणि तिथल्या मराठी दरबाराची. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या पदरी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता, आणि त्यांच्याच आश्रयाला असलेल्या तंजावरच्या चार भावांपैकी वडिवेलू यांचं नाव व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवणाऱ्यांत घेतलं जातं. परदेशी वाद्य आपल्या गळ्याला जुळवून घेण्याचं काम या प्रदेशात दोनशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे. व्हायोलिनला पडदे नव्हते, म्हणून ते सोपं गेलं. हार्मोनियमला पट्ट्या होत्या आणि आकाशवाणीने तिला १९४० पासून तीस वर्षं बाहेर ठेवलं. आपल्या प्लगइनची जात हार्मोनियमची आहे. त्याला सुटं केलं नाही तर तो बारा पट्ट्यांतच बोलणार.

हा वाद तात्त्विक वाटत असेल तर मिरजेचा तानपुरा आणि एखादा स्ट्रिंग पॅड एकत्र लावून बघा. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात न वाजवलेला गंधार ऐकू येतो. तो खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश असतो. खर्ज ६५.४ हर्ट्झचा असेल तर तो गंधार ३२७ हर्ट्झवर येतो. प्लगइनचा पट्टीतला गंधार येतो ३२९.६ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला अडीचएक वेळा आवाज थरथरतो. पाश्चात्त्य गाण्यात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, तिथे तानपुरा नसतो. ख्यालाच्या मागे पॅड धरला तर गायक सारखा कपाळाला आठ्या घालतो आणि प्रोग्रामरला वाटतं त्याला कॉम्प्युटर आवडत नाही. बऱ्याच वाद्यांत सुरांचं कोष्टक बदलता येतं. ते नसेल तर पॅडचा गंधार वेगळ्या चॅनेलवर टाकून चौदा सेंटने उतरवायचा, किंवा सरळ काढून टाकायचा. मी बहुधा काढून टाकतो. सा आणि पंचम धरलेला पॅड कुणाच्या वाटेत येत नाही.

उशिराबद्दल, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या वेळेबद्दल, लोक फार बोलतात आणि मोजत कमी. बफर २५६ नमुन्यांचा ठेवला तर ४४,१०० च्या वेगाला तो सुमारे पावणेसहा मिलिसेकंद होतो. एवढ्या वेळात हवेतला आवाज दोन मीटर जातो, म्हणजे स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्यासारखं. कीबोर्ड वाजवणारा याची तक्रार करत नाही. १०२४ ला तोच उशीर २३ मिलिसेकंद होतो, आठ मीटर, आणि ड्रम पॅडवर मृदंग वाजवणारा माणूस लगेच हात थांबवून तुमच्याकडे बघतो. खरी मेख मात्र बहुतेकदा बफरमध्ये नसते. मास्टरवर एखादा पुढचं आधी पाहून दाबणारा लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर बसवलेला असतो. सॉफ्टवेअर इमानदारीने सगळे ट्रॅक त्याच्याइतके मागे ओढून जुळवतं, आणि त्या जुळवणीत थेट वाजणारं वाद्यही मागे जातं. बफर कमी करून करून आवाज फुटायला लागतो, तरी उशीर जात नाही. मास्टर रिकामा करा, उशीर गेलेला असेल. हे वाक्य मी इतक्या वेळा फोनवर बोललो आहे की पुस्तकात त्याला वेगळी चौकट दिली आहे.

आवाज बारीक असल्याची तक्रारही अशीच. वाद्याचा आवाज निदान चार जागी कमी होऊ शकतो: मिडीचा सातवा कंट्रोलर, अकरावा कंट्रोलर, प्लगइनमधलं व्हॉल्यूमचं बटण आणि शेवटी फेडर. शिवाय ऑर्केस्ट्राच्या लायब्ररींत लांब सुरांचा जोर बहुधा मॉड्युलेशन चाकावर, म्हणजे पहिल्या कंट्रोलरवर, बांधलेला असतो. व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा जोर, कितीही वाढवा, व्हायोलिनं ढिम्म हलत नाहीत. आणि आवाज अचानक सहा डेसिबलने वाढला तर समजावं की तोच ध्वनी दोन वाटांनी मास्टरवर पोचतो आहे, एकदा बसमधून आणि एकदा थेट. त्यातली एक वाट काही नमुन्यांनी मागे असली तर आवाज मोठा होण्याऐवजी पोकळ होतो.

व्हायोलिनचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. मुंबईच्या सिनेसंगीतात तंतुवाद्यांचे ताफे गोव्याच्या वादकांनी भरलेले होते आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर त्यांच्यासाठी सूर लिहीत. चेन्नईत इळैयराजा आजही कागदावर लिहून वादकांपुढे ठेवण्यासाठी ओळखले जातात. प्लगइनने त्यातलं बरंच काम घेतलं, अनेकांचा रोजगार घेतला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उलट बाजूही आहे. चरणजित सिंग यांनी मुंबईत १९८२ साली दहा राग तीन रोलँड यंत्रांवर वाजवून ध्वनिमुद्रित केले तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि २०१० साली तीच तबकडी पुन्हा निघाल्यावर जग थक्क झालं. त्यांनी यंत्राला सतार व्हायला सांगितलं नव्हतं, म्हणून ते काम टिकलं. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खरा सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवला. ज्यांना ते परवडत नाही, म्हणजे आपण सगळे, त्यांनी निदान अरेंजरची विद्या तरी सोडू नये. दुसऱ्या व्हायोलिनची ओळ कुठे श्वास घेते, व्हायोला कुणाच्या पाठीशी उभा आहे, हे लिहिता आलं नाही तर वाटा कितीही नीट जोडा, वाजेल तो कीबोर्डच.

जुन्या कामाविषयी एक प्रकरण मी हट्टाने घातलं. प्लगइन मरतात. दोन सॉफ्टवेअर एकमेकांत जोडणारी रीवायर पद्धत १९९८ साली आली आणि २०२० च्या अखेरीस बंद झाली. स्टाइनबर्गने २०२२ साली व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीला निरोप देत असल्याचं जाहीर केलं. ३२ बिटची कित्येक वाद्यं ६४ बिटच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा सेशन आज उघडला तर वाद्यांच्या जागी राखाडी चौकोन दिसतात, आणि मिडीच्या ओळी तेवढ्या शाबूत. निर्मात्याला गाण्याचं नवं मिक्स हवं असतं आणि आपल्याकडे सूचना आहेत, ध्वनी नाही. म्हणून काम संपलं की प्रत्येक वाद्य ऑडिओत उतरवून ठेवायचं. कोरडं एक, इफेक्टसकट एक, आणि सगळं गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू होणारं, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये डाव्या कडेला टेकवलं की जुळतं. फाइलच्या नावात गाण्याची लय आणि पट्टी लिहायची. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते सहायकावर सोपवलं तर तो धुमेची फाइल विसरतो.

पुस्तकातली उदाहरणं रीपरमध्ये केली आहेत. त्याची साठ दिवसांची चाचणी पूर्ण स्वरूपात मिळते आणि परवाना विद्यार्थ्याला झेपेल इतका स्वस्त आहे, एवढंच कारण. लॉजिक, क्यूबेस आणि एबलटनमध्ये तीच वाट कशी जोडायची, हे प्रकरणाच्या शेवटी दिलं आहे. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच देवनागरीत ठेवली आहेत. त्यांना मराठी नावं देऊन वाचकाला पडद्यावर शोधत बसवायचं नव्हतं. प्रत्येक प्रकरणात दोन रंगांची आकृती आहे, सूचनेची वाट निळी आणि ध्वनीची लाल. आकृती बघून आधी स्वतः जोडा, अडलात तरच मजकूर वाचा.

विंडोज वापरणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणाआधी एक काम उरकून घ्यावं. आपल्या ऑडिओ इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर बसवावा आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडलेला आहे का पाहावं. इंटरफेस नसेल तर एएसआयओफोरऑल चालेल. विंडोजचा मूळचा ड्रायव्हर ठेवून तिसऱ्या प्रकरणातले उशिराचे आकडे मोजायला बसलात तर ते जुळणार नाहीत.